मोरचूद

मोरचुदाचा खडा इतका देखणा असतो, की लहान मुलाला तो खडीसाखरेचाच एखादा प्रकार वाटावा. म्हणूनच आमच्याकडं तो कुलपात असे. पोटात गेला तर जहरच. आयुर्वेदात त्याला तुत्थ म्हणतात, शिखिग्रीव असंही एक नाव आहे, म्हणजे मोराच्या मानेसारखा. हा निळा रंग मात्र एकट्या तांब्याचा नव्हे, खड्यात बांधून राहिलेल्या पाण्याचाही. वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त तर पाणीच. परीक्षानळीत तापवला की पाणी उडून पांढरा भुगा उरतो. त्यावर थेंबभर पाणी टाका, परत निळा! आणि नळी गरम लागते ती वेगळीच.

तांबं सौम्य सल्फ्युरिक ॲसिडात नुसतं टाकून विरघळत नाही. आधी ते हवेत तापवून काळा ऑक्साइड करायचा, तो गरम ॲसिडात विरघळतो, आणि ते निळं पाणी आटवून गार केलं की खडे धरतात. हे काम कारखान्यातलं. आमच्या अथणी भागात मोरचूद पोत्यातून येतो तो द्राक्षबागेसाठी, आणि घरात वाद चालत ते पोतं सोडल्यानंतर.

ऑक्टोबर छाटणी झाली, कोवळी फूट आली आणि नेमका त्याच वेळी पाऊस नि दव, की केवडा आलाच. पानाच्या वर पिवळट तेलकट डाग, खाली पांढरी बुरशी. त्याच्यावर बोर्डो. नाव फ्रान्समधल्या बोर्डो गावाचं. तिथल्या मळेवाल्यांनी रस्त्याकडच्या वेलींवर मोरचूद नि चुना मारला होता, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड तोडू नयेत म्हणून. मियार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या 1882 साली लक्षात आलं, की तेवढ्याच वेली रोगातून वाचल्यात. 1885 मध्ये त्यानं कृती छापली. म्हणजे चोराला भिववायला केलेलं औषध!

एक टक्क्याचं मिश्रण म्हणजे किलोभर मोरचूद, किलोभर कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद पन्नास लिटरात वेगळा भिजवायचा, चुना विरवून उरलेल्या पन्नासात वेगळा, आणि मग मोरचुदाचं पाणी ढवळत ढवळत चुन्याच्या पाण्यात ओतायचं. भांडं प्लास्टिकचं, लोखंडाचं अजिबात नको. नुसता मोरचूद आंबट गुणाचा, पानं भाजून काढतो. चुन्यानं तो मवाळ होतो आणि तांबं बारीक निळा गाळ होऊन पानाला चिकटून बसतं. जमलं का नाही ते बघायला आप्पा, माझे सासरे, घासलेला विळा त्यात बुडवत. पात्यावर तांबूस थर चढला की अजून चुना. आणि केलेलं त्याच दिवशी संपवायचं, शिळं झालं की गाळ जाड होतो, पानावर टिकत नाही.

पंपात चोथा अडकू नये म्हणून ते फडक्यातून गाळायचं. आक्कांचं, माझ्या सासूबाईंचं, सगळं दुखणं इथं होतं. पिण्याचं पाणी त्या दुहेरी फडक्यातून गाळत आणि फडकं उलटं करून त्यातले जीव ज्याच्या त्या विहिरीत पोचवत. "एक गाळणं जगवायचं, एक गाळणं मारायचं," असं त्या आप्पांच्या तोंडावर म्हणत. आप्पांचं उत्तर ठरलेलं: शेती ही उद्योगी हिंसा, गृहस्थाला ती चुकत नाही. बुरशी एकेंद्रिय आहे. आक्का गप्प बसत, पण उरलेलं औषध विहिरीकडच्या पाटात ओतू देत नसत. त्यामुळं लागेल तेवढंच कालवायची शिस्त घराला लागली.

मला आक्कांचा मुद्दा पुढं हिशेबातून पटला. मोरचुदात पाव हिस्सा तांबं. एकरी चारशे लिटर फवारलं की चार किलो मोरचूद, म्हणजे एक किलो तांबं. ते ना कुजतं ना उडून जातं. पानावरून ओघळून वरच्याच मातीत साठत राहतं. युरोपात सात वर्षांत हेक्टरी 28 किलोची हद्द घातली आहे. आपल्या एकराच्या मापात वर्षाला 1.6 किलो. आमच्या दोन फवारण्यांत ती ओलांडते. आणि मातीत तांबं वाढलं की पहिला त्रास गांडुळांना. गांडूळ एकेंद्रिय नाही, द्वींद्रिय आहे, त्रस जीव आहे. आप्पांची ढाल तिथवर पुरत नाही.

बोर्डो सोडा म्हणणं सोपं. त्याच्या जागी येणारी नवी औषधं काही अमृत नव्हेत, आणि सेंद्रिय शेतीवालेसुद्धा मोरचूद वापरतात. बाग गेली तर कर्ज कोण फेडणार? म्हणून यंदा मुलानं दोनऐवजी एकच फवारणी केली, तीही अर्ध्या टक्क्याची, आणि हवा खेळावी म्हणून फुटवे विरळायला चार बायका जास्त लावल्या. त्यांची मजुरी मोरचुदापेक्षा जास्त झाली. दोन्ही आकडे त्यानं वहीत शेजारी शेजारी मांडलेत. घड अजून हिरवे आहेत.