टेंगरच्या धुक्यात

पहाटेचे पाच वाजत आलेले. पूर्व जावातला पेनांजाकान डोंगर, उंची सुमारे २,७७० मीटर. गारठ्यानं बोटं आखडलेली. कठड्याशी दाटलेली सगळी गर्दी पूर्वेला सूर्याची वाट बघतेय, आणि खरा चमत्कार उलगडतोय दक्षिणेला!

तिकडे टेंगरचं प्राचीन ज्वालामुखी-कुंड आहे, जवळपास १० किलोमीटर रुंद. रात्री कड्यांवरची गार, जड हवा उतारानं घरंगळत तळाशी साठते आणि तिच्यातल्या बाष्पाचं धुकं होतं. कढई दुधानं काठोकाठ भरावी तसं ते कुंड भरलेलं. त्यातून बाटोकचा चुण्याचुण्यांचा शंकू वर आलेला, शेजारी धुमसणारं ब्रोमोचं विवर आणि पार मागे सेमेरू, ३,६७६ मीटर, जावातलं सर्वांत उंच शिखर. त्याच्या माथ्यावरून मधूनच राखेचा करडा लोट उठतो. केवढं हे वैभव!

माथ्याला ऊन लागलं, तरी तळ अजून निळ्या सावलीत. माथा सांभाळावा तर तळ काळाठिक्कर, तळ उजळावा तर माथा पांढराफटक. अशा वेळी ब्रॅकेटिंगला पर्याय नाही: एकाच दृश्याच्या कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम घ्यायच्या आणि नंतर त्या जोडायच्या. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट. अ‍ॅपर्चर एफ/८ आणि आयएसओ १०० कायम. बदलतो तो फक्त शटरचा वेग. मधल्या फ्रेमला १/६०, मग १/२५० आणि १/१५ सेकंद. मधल्या फ्रेमपेक्षा एकीत चौपट कमी उजेड, दुसरीत चौपट जास्त. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक पांढऱ्या धुक्यालाही करडं करू पाहतो, म्हणून मधली फ्रेम आधीच एक स्टॉप वर, म्हणजे दुप्पट उजेडात, घेतलेली.

स्क्रीनवर फ्रेम मोठ्या करून पाहिल्या आणि थक्क झालो. गडद फ्रेममध्ये सेमेरूच्या धुराच्या लोटाची एकेक वळी सोनेरी कडेसकट उमटलेली. उजळ फ्रेममध्ये धुकं विरळ झालं होतं तिथे चौकोनी आवार दिसलं: पुरा लुहुर पोतेन, टेंगर हिंदूंचं मंदिर! कसदाच्या सणाला हेच लोक ब्रोमोच्या विवरात भाजीपाला, धान्य, कोंबड्या अर्पण करतात.

१८५०च्या दशकात फ्रान्सच्या ग्युस्ताव्ह ल ग्रेनं समुद्रासाठी एक आणि आकाशासाठी दुसरी निगेटिव्ह वापरून एकच चित्र छापलं होतं. आपण करतो ते त्याच वाटेवरचं काम. फरक इतकाच, की धुकं थांबत नाही. तीन फ्रेम एका दमात घ्याव्या लागतात. क्षणभर उशीर झाला, तर जोडताना धुक्याच्या कडा दुहेरी दिसतात.

आणि जोडतानाही हात आवरायला हवा. सावल्या ओढूनताणून उजळल्या, की डोंगरामागचा डोंगर पुढे येतो आणि मधलं अंतर मरतं. सेमेरूचा माथा आणि पोतेनची भिंत एका चित्रात नांदावीत, एवढ्यासाठीच तीन फ्रेम. धुक्यानं जे झाकलंय, ते झाकलेलंच राहू द्यावं.