थवा येईपर्यंत

सिंहराजाच्या जंगलात शिरल्यावर बराच वेळ पक्षी दिसतच नाहीत. श्रीलंकेचे प्रदेशनिष्ठ पक्षी बहुतेक सगळे इथे आहेत, हे वाचून गेलेल्या माणसाला ही शांतता अस्वस्थ करते. नागचाफ्याच्या कुळातली झाडं सरळसोट वर गेलेली, माथ्यावर पानांचं गच्च छत, आणि खाली दिवसाउजेडीही संध्याकाळ. दुर्बीण गळ्यात लटकत राहते. पायांत जळवांसाठीचे जाड कापडी मोजे असूनही जळवा वर चढत असतात, आणि पाऊस तर केव्हाही येतो.

कोलंबोहून रत्नपुरामार्गे आम्ही कुडवा गावी पोहोचलो होतो. जंगलात वाटाड्याशिवाय जाता येत नाही, आणि हा नियम मला फार योग्य वाटतो. आमचे वाटाडे त्याच गावचे, पन्नाशी उलटलेले. मी पुढे पुढे जात होतो, तेव्हा त्यांनी हात आडवा धरला. म्हणाले, "आपण थांबायचं. ते येतात."

आणि ते आले. आधी कलकलाट ऐकू आला, आपल्या सातभाईंसारखाच. नारिंगी चोचीचे ते तांबूस सातभाई झुडपांतून उड्या मारत निघाले, वरच्या फांदीवर तुरेवाला कोतवाल येऊन बसला, आणि मग पाहता पाहता सगळं रान हललं. निखार, सुतार, निळाईची झाक असलेली शिलींध्री खोडावरून डोकं खाली करून उतरणारी. एक कर्णा शांत बसून वळून बघत होता. आंबोलीत त्याच्यासाठी मी ताटकळलोय, तोच हा. अगदी शेवटी, उंचावर, पानाआडून लाल चेहऱ्याचा मुंगश्या घरंगळल्यासारखा पुढे सरकला. जगात तो फक्त या बेटावर आहे. काही मिनिटांत सगळे पुढे गेले आणि जंगल पुन्हा मुकं झालं.

या मिश्र थव्यांचा अभ्यास इथे 1980च्या दशकापासून चालू आहे. कोलंबो विद्यापीठाचे सरथ कोटगामा आणि त्यांचे सहकारी एबेन गुडेल यांनी शेकडो थवे मोजले, तेव्हा एका थव्यात सरासरी 11 जाती आणि 40च्या आसपास पक्षी भरले. सातभाई संख्येनं जास्त, म्हणून थवा त्यांच्याभोवती जमतो. ते चालताना किडे उडवतात, बाकीच्यांना आयतं खाद्य मिळतं. कोतवाल मात्र पहारेकरी. ससाणा-शिक्र्याची चाहूल लागली की तो हाक देतो, ती सहसा खरी निघते, आणि तो इतर पक्ष्यांचे इशाऱ्याचे आवाजही हुबेहूब काढतो. कोतवाल हे नाव आपल्याकडे कुणी दिलं असेल त्याला पक्षी नीट कळला होता.

त्याच दिवशी वाटाड्यांनी एका ओहोळाजवळच्या वेतात, जेमतेम डोक्याच्या उंचीवर, झोपलेलं, पिंगळ्याहूनही लहान तांबूस घुबड दाखवलं. हे सेरेंदिब घुबड. दीपाल वारकागोडा यांना ते 2001 साली याच जंगलात दिसलं आणि 2004 मध्ये नवी जात म्हणून त्याची नोंद झाली. इतक्या छोट्या, इतक्या अभ्यासलेल्या बेटावर एक अख्खं घुबड तोवर कुणाच्या नजरेत आलं नव्हतं. मी त्याच्यासमोर उभा राहिलो तेव्हा कॅमेरा काढावासा वाटला नाही.

पण मला सर्वांत जास्त विचारात पाडलं ते पायाखालच्या वाटेनं. ती रुंद होती, जंगलातल्या पायवाटेपेक्षा फारच रुंद. वाटाडे म्हणाले, लहानपणी याच रस्त्यानं ओंडके भरलेल्या गाड्या जाताना पाहिल्यात. 1970च्या दशकात प्लायवूडसाठी सिंहराजात यंत्रांनी झाडतोड सुरू झाली होती. लोकांनी, शास्त्रज्ञांनी आवाज उठवला आणि 1977 मध्ये ती थांबली. 1988 साली हे जंगल जागतिक वारसा झालं. ज्या रस्त्यानं झाडं बाहेर गेली, त्याच रस्त्यावर आज थव्यांच्या नोंदी होतात.

यात एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. जंगल आपोआप परत आलं असं नाही. झाडतोड थांबली तेव्हा आतला मोठा गाभा शाबूत होता. बिया तिथून आल्या, त्या वाहून आणणारे पक्षी आणि वानरं तिथूनच आली. गाभाच उरला नसता, तर पन्नास वर्षं वाट पाहूनही या रस्त्यालगत फार तर झुडपी रान उगवलं असतं.

सह्याद्री आणि श्रीलंका हा जैवविविधतेचा एकच प्रदेश मानला जातो. आपल्याकडेही असा गाभा आहे. 2020 मध्ये तिलारीचं सुमारे 29 चौरस किलोमीटर जंगल संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालं. पण त्याच्या आसपास, दोडामार्ग-सावंतवाडीच्या खाजगी डोंगरांवर, रबर आणि अननसासाठी रान साफ होत आहे. सिंहराजाला जमेल तेव्हा जरूर जा, वाटाडे सांगतील तिथे थांबा, पक्ष्यांना बोलावण्यासाठी मोबाईलवर त्यांचे आवाज वाजवू नका. पण त्याआधी तिलारीला जा, आणि तिथल्या झाडतोडीबद्दल गावात, ग्रामसभेत, वनखात्यात बोला. तिथला गाभा अजून उभा आहे.