माधुकरीची झोळी

गेल्या श्रावणात पहाटे न्हाणीघराकडे जाताना ओल्या फरशीवरून माझा पाय घसरला आणि उजव्या खुब्याचे हाड मोडले. वय ७१. शस्त्रक्रिया झाली, आणि दुसऱ्याच दिवशी दोघांनी धरून मला उभे केले. या वयात पडून राहिले की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. म्हणून दुखत असले तरी उठवावेच लागते, असे डॉक्टरांनी समजावले होते. वेदनेचे मला फार वाटले नाही. खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू झाली.

घरात मी आणि सूनबाई. मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी, नातू शिकायला पुण्यात, पत्नीला जाऊन सहा वर्षे झालेली. अंघोळ, कपडे बदलणे, शौचाचे भांडे, सारे सूनबाईकडे आले. ती मला आमच्याकडच्या रीतीप्रमाणे ‘मामा’ म्हणते; वीस वर्षांत माझ्यासमोर तिने डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. पहिल्या दिवशी ती पाण्याची बादली घेऊन आली तेव्हा मी भिंतीकडे तोंड केले आणि म्हणालो, “राहू द्या, आज अंघोळ नको.” दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ती काही न बोलता दारात उभी राहिली. तिचा चेहरा पडला होता. आपल्याला नाकारले जात आहे असे तिला वाटले असावे.

तसे उभे असलेले कुणी पाहिले की मला आळंदीच आठवते. मीही असाच दारोदारी उभा राहिलो होतो.

१९७१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, मी बीडहून एसटीने पुण्याला आणि तेथून आळंदीला गेलो. वळकटी, तांब्या, टाळ आणि गाथा एवढेच सामान. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली तेथे वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. आमच्या भागात तिचे नाव घरोघरी होते, कारण जोगमहाराजांचे शिष्य बंकटस्वामी महाराज यांचा मठ आमच्या नेकनूरलाच. शिक्षणक्रम चार वर्षांचा. शुल्क नाही, पण जेवणाची सोय ज्याची त्याने पाहायची, आणि आमच्यासारख्यांची सोय म्हणजे माधुकरी.

पहाटे चारला उठायचे, थंडी असो वा पाऊस, इंद्रायणीत स्नान करायचे, माउलींच्या मंदिरात काकड्याला उभे राहायचे. मग पाठांतर. अजानवृक्षाच्या आसपास कोणी ज्ञानेश्वरीच्या ओव्या घोकतो आहे, कोणी धर्मशाळेच्या पडवीत मृदंगाचे बोल बसवतो आहे, असे सकाळचे चित्र असे. दहा-अकराच्या सुमारास झोळी खांद्याला लावून आम्ही निघत असू. दुपारी पाठ, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तनात धृपद धरायला मागे उभे राहायचे. पाय इतके दुखत की झोप लागायला अंथरूण मऊ असण्याची गरज पडत नसे.

माधुकरीचे नियम आम्हाला अध्यापकांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. अमुक हवे म्हणायचे नाही. वाढले त्याला नावे ठेवायची नाहीत. नाही म्हणणाऱ्या दाराला तेवढाच नमस्कार करायचा. आणि ताजे आहे का, शिळे आहे का, हे झोळीत डोकावून पाहायचे नाही. ऐकायला सोपे, करायला नाही. पहिले पंधरा दिवस मी गल्लीच्या कोपऱ्यावर थांबून राही. शेतकऱ्याचा मुलगा, आमच्या दारात आलेल्याला आम्ही पसाभर धान्य देत होतो, मागितले कधी नव्हते. शेवटी एका घरच्या आजींनी आपणहून हाक मारली. “बाळा, रोज कोपऱ्यावर थांबतोस, आमच्या घरी ये की. तू आलास तर आमचेही जेवण गोड होईल.” त्या घरी मी चार वर्षे गेलो.

दुसऱ्याच वर्षी १९७२चा दुष्काळ पडला. ज्वारी मिळेना, रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो मिळे, तिच्या भाकरी तांबूस आणि चिवट होत. तरी आजींच्या घरून अर्धी का होईना भाकरी येत होती. इकडे गावाकडे विहिरी आटल्या, बैल विकले आणि माझे आईवडील खडी फोडायच्या दुष्काळी कामावर जाऊ लागले. मी परत येतो असे पत्र टाकले. शाळेतल्या गुरुजींकडून लिहवून घेतलेले आईचे उत्तर आले: येऊ नकोस, आलास तर खाणारे एक तोंड वाढेल, तिथे देव तुला जेवू घालतो आहे.

ते वाक्य मी कित्येक महिने उशाखाली ठेवले. माउलींच्या दारात अन्न मिळते म्हणून कृतज्ञता वाटे, आणि तेवढीच लाजही. आई उन्हात हातोडा चालवते आणि मी पडवीत बसून ओव्या म्हणतो. यात परमार्थ कोणता, हे मला कुणी समजावू शकले नाही. आजही पूर्ण समजले आहे असे म्हणवत नाही.

उन्हाळ्यात चार दिवस घरी गेलो. आईच्या दोन्ही तळव्यांना भेगा पडल्या होत्या, चिंध्या बांधल्या होत्या. कामावर मजुरांना सुखडी वाटत असत. तिने दोन दिवसांची सुखडी न खाता पदराच्या गाठीत ठेवली होती. ती माझ्या हातावर ठेवून म्हणाली, “खा, रोज दुसऱ्याचंच खातोस, आज माझं खा.” मला ती नाकारायची होती. घास गळ्याखाली उतरेना. पण ती समोर बसून पाहत होती, म्हणून मी सगळी खाल्ली. झोळीचा नियम त्या दिवशी जितका कठीण गेला तितका आळंदीत कधी गेला नाही.

पुढे शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मी वीणेकरी आणि टाळकऱ्यांबरोबर सप्ताहांसाठी जिल्हाभर हिंडलो. केज, पाटोदा, शिरूर. एका गावी नारळ घ्यायचा, दुसऱ्या गावी कीर्तन. मग शेती आणि संसार. परदेशातही असे तरुण असतात असे नातवाकडून ऐकले: मॉर्मन पंथाचे मुलगे दोन वर्षे घर सोडून जोडीजोडीने परगावी धर्मसेवा करतात, पहाटे ठरल्या वेळी उठतात, वेळापत्रक पाळतात. थायलंडमधील भिक्षू तर सकाळी पात्र घेऊन निघतात आणि वाढणाराच त्यांना हात जोडतो. हे ऐकून मला आमच्या आजी आठवल्या.

तर चौथ्या दिवशी सूनबाई बादली घेऊन आली तेव्हा मी तोंड फिरवले नाही. एवढेच म्हणालो, “सूनबाई, लाज वाटते.” तीही म्हणाली, “मामा, मलाही वाटते.” मग दोघेही हसलो. त्यानंतर अवघडलेपण गेले असे नाही, पण त्याचा भार दोघांत वाटला गेला. फिजिओथेरपिस्टने तिला कंबरेतून न वाकता गुडघ्यातून वाकून मला उचलायला शिकवले, नाहीतर महिन्याभरात तिचीच पाठ गेली असती. न्हाणीघरात आता दोन ठिकाणी पकडायला दांड्या आहेत, बसायला प्लास्टिकची खुर्ची आहे, रात्रभर मंद दिवा असतो. हे सारे आधी केले असते तर हाड मोडलेच नसते कदाचित. पण म्हाताऱ्याला दांड्या कशाला, असे म्हणणारा मीच होतो. मी तिची एक गोष्ट मात्र हट्टाने सुरू केली आहे: रविवारी दुपारी शेजारची मुलगी माझ्याजवळ बसते आणि सूनबाई माहेरी किंवा बाजारात जाते.

आमच्या गल्लीत दिवाळीनंतर निम्मी घरे बंद होतात. ऊसतोडीला गेलेली माणसे कारखान्यांचे पट्टे पडेपर्यंत परतत नाहीत; मागे राहतात म्हातारी माणसे. समोरच्या घरात अशीच एक काकू एकटी आहे. तिला दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू, चुलीशी बसणे धोक्याचे. सूनबाईने डबा पाठवला तर तो दोनदा परत आला. “आजवर कुणाचं खाल्लं नाही,” हा निरोप.

वॉकर धरून मी पहिल्यांदा घराबाहेर पडलो तो तिच्याकडेच. वीस पावले चालायला मला बराच वेळ लागला. तिच्या ओट्यावर बसलो आणि म्हणालो, “काकू, मी चार वर्षे रोज लोकांच्या दारात उभा राहिलो आहे. आज तुझ्या दारात आलोय, काहीतरी वाढ.” ती गडबडली. घरात चाचपडत गेली, गूळ आणि शेंगदाणे घेऊन आली. मी तिथेच खाल्ले, हात जोडले. मग म्हणालो, “आता माझ्या सूनबाईचा डबा ठेवून घे.”

ती काही वेळ गप्प राहिली. मग विचारले, “भाजी कशाची हाय?”

मी म्हणालो, “ते झोळीत पाहायचं नसतं, काकू.”

तरी तिने झाकण उघडलेच. मेथीची होती.