पेशींचे माहेर

गिरगावात तीस वर्षे काढलेला मालवणी माणूस ताटात मासळी नसली, की अजून कासावीस होतो. बिऱ्हाड बदलते, जिभेची सवय तेवढी बदलत नाही. अशा जुन्या सवयीचा औषधोपचाराशी काही संबंध असेल, असे मला कधी वाटले नव्हते. तो धडा मला मावशीच्या पाठीने दिला.

मावशीची पाठ दुखू लागली, तेव्हा घरातला प्रत्येकजण वैद्य झाला. कुणी निरगुडीचा शेक सांगितला, कुणी विहिरीवरून कळशी आणणे बंद करविले. पण पुढे तिचे पाय जड पडू लागले. पायातली चप्पल निसटली तरी तिला कळेना. तेव्हा आम्ही तिला मुंबईला आणले. मणक्यात गाठ निघाली. तिचा तुकडा तपासला, तर त्यात थायरॉइड ग्रंथीच्या पेशी!

"माझो गळो तर कदी दुखूक नाय!" मावशी म्हणाली.

थायरॉइडचा कर्करोग असा आधी पाठीतून बोलू लागणे विरळाच. पण कण्याकडे येणाऱ्या वाटा पुष्कळ. कण्याभोवतीच्या शिरांना झडपा नसतात, रक्त दोन्हीकडे वाहू शकते. या आडवाटेने रोग कण्यापर्यंत पोचतो, हे १९४० साली बॅट्सन नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने दाखवून दिले.

डॉक्टरांनी आम्हांला समजावले : रोगाचा समाचार मागून घेऊ, आधी मज्जारज्जूवरचा दाब काढू. पाय एकदा पुरते गेले, की परत येणे कठीण. २००५ साली अमेरिकेतल्या पॅचेल यांनी १०१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मज्जारज्जू दबलेल्यांपैकी नुसते किरण दिलेले शेकडा ५७ चालू शकले. आधी शस्त्रक्रिया करून मग किरण दिलेले शेकडा ८४. मावशीच्या गाठीत रक्त फार. म्हणून आदल्या दिवशी मांडीच्या धमनीतून बारीक नळी नेऊन गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बुजवल्या. मग गाठ काढून मणक्यांना स्क्रू आणि सळयांचा आधार दिला. पुढे गळ्यातली ग्रंथीही काढली.

आणि मग ती सवय कामाला आली. थायरॉइडच्या पेशीला आयोडिनची भारी ओढ. ती हाडात जाऊन राहिली, तरी पुष्कळदा तिथेही आयोडिनच मागते. १९४३ साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. साइडलिन यांच्याकडे एक रुग्ण होता. त्याची ग्रंथी बऱ्याच वर्षांपूर्वी काढलेली, तरी अंगात तिचा स्राव अतोनात! दूरवर पसरलेल्या गाठीच तो तयार करीत होत्या. डॉक्टरांनी त्याला किरणोत्सारी आयोडिन दिले. गाठींनी ते ओढून घेतले आणि त्या आक्रसल्या. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये असले अणूंचे उपचार १९६३ पासून होत आले आहेत.

औषधाआधी पेशींना उपाशी ठेवायचे. म्हणजे मावशीने उपाशी राहायचे : आयोडिनचे मीठ नाही, मासळी नाही, दूधही नाही. थायरॉइडच्या गोळ्याही बंद; त्यामुळे भर वैशाखात तिला थंडी वाजे. पण आमची खरी काळजी निराळीच होती. काही पेशी परमुलखात आपले मूळ विसरतात, आयोडिनकडे ढुंकूनही पाहत नाहीत. मग हे औषध वाया जाते. मावशीने औषध घेतले आणि ती वेगळ्या खोलीत एकटी राहिली. काही दिवसांनी तिचे छायाचित्र निघाले. मणक्याच्या जागी ठळक काळा डाग! इस्पितळात काळा डाग पाहून हसणारे नातेवाईक आम्हीच असू. पेशींनी आयोडिन ओढून घेतले होते.

रोग समूळ गेला, असे डॉक्टर म्हणत नाहीत. हाडातला रोग सहसा पुरता जात नाही. तपासणीला गेलो, की त्यांचा पहिला प्रश्न गाठीचा नसतो.

"काकू, विहिरीपर्यंत चालत जाता ना?"

"जातंय तर! पण कळशी सुनेक उचलूक लावतंय."