चौथा इलेक्ट्रॉन

अकरावीच्या केमिस्ट्रीत एक आलेख असतो. आवर्तसारणीच्या एका ओळीत डावीकडून उजवीकडे गेलं की आयनायझेशन एनर्जी साधारणपणे वाढते, म्हणजे अणूचा सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन काढायला जास्त ऊर्जा लागते. केंद्रकात प्रोटॉन वाढतात, पकड घट्ट होते. इथवर सोपं. पण नायट्रोजनला 1402 किलोज्यूल प्रति मोल लागतात आणि त्याच्या पुढच्या ऑक्सिजनला 1314. चढत जाणारी रेघ मध्येच घसरते.

"दादा, एक प्रोटॉन जास्त असून कमी का?" धाकट्या बहिणीने विचारलं होतं. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, सुट्टीत सोलापूरला आलेलो.

"अपवाद आहे. हाफ-फिल्ड स्टेबल असतं. पाठ कर, सीईटीला येतं."

"पण स्टेबल का?"

मी वैतागलो. तुला सायन्स झेपायचं नाही, म्हणालो. पुढच्या वर्षी तिने परत अकरावी केली, कॉमर्सची. माझ्या त्या वाक्यामुळे, असं ती कधी म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

नोकरी लागल्यावर पुण्यात कॉट बेसिसवर राहायचो. खोलीत तीन कॉट, आम्ही तिघं, सगळं सुखात. मग भाडं वाचवायला चौथा घेतला. तो माझ्या कॉटवर. रात्रभर एकमेकांची कोपरं खायची. दीड महिन्यात तो गेला, आणि त्याला घालवायला फारसे कष्ट पडले नाहीत.

एका रात्री पडल्यापडल्या तो आलेख आठवला. नायट्रोजनला 2p चे तीन ऑर्बिटल आणि त्यांत तीन इलेक्ट्रॉन, एकेकाला एकेक. ऑक्सिजनच्या चौथ्याला कुणाच्या तरी जोडीला राहावं लागतं. दोघांवर ऋण प्रभार, दोघं एकमेकांना ढकलणार. त्यातला एक काढणं सोपं. (क्वांटमवाले यात आणखी भर घालतील, पण मला एवढं पुरलं.) ज्याला मी कारण म्हणत होतो, ते नुसतं नाव होतं.

यंदा गड्ड्याला घरी होतो. होम मैदानावर दारूकाम चालू होतं.

"पिवळा रंग कशाने येतो?" तिने विचारलं.

"सोडियम. त्याच्या इलेक्ट्रॉनला उष्णतेने 2.1 इलेक्ट्रॉन व्होल्ट मिळाले की तो वर उडी मारतो, परत खाली येताना पिवळा प्रकाश टाकतो. अणू सोडून कायमचं जायचं, तर 5.14 लागतात."

मग राहवेना, कॉटची गोष्टही सांगून टाकली. ती हसली. जरा वेळाने म्हणाली, "तेव्हा हे माहीत होतं तुला?"

"नव्हतं."

"मग तेवढंच म्हणायचं होतंस की."

मी काही बोललो नाही. वर लाल फुटला.

"आणि हा?"

"स्ट्रॉन्शियमची संयुगं."

"समजलंय, का पाठ आहे?"

"पाठ," मी म्हणालो.