सतरा ठिकाणे

शिरूरला आगगाडी नाही. घोड नदी आहे, तिच्यावरून गावाला पडलेले घोडनदी हे दुसरे नाव आहे, पुणे-नगर रस्ता आहे आणि त्या रस्त्यावर रात्रंदिवस धावणाऱ्या मोटारी आहेत. पण आगगाडीची शिट्टी ऐकायची तर आम्हांला दौंडला जावे लागते. दौंडचे बरोबर उलट. तिथे जे काही आहे ते आगगाडीच्या आश्रयाने वाढलेले. सोलापूरकडे गेलेल्या रुळांना १८७८ साली दौंडपाशी मनमाडचा फाटा फुटला आणि ते गाव जंक्शन झाले. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडात शिरली की तिचे इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडायचे, आणि तेवढ्या वेळात उतारूंनी चहा पिऊन घ्यायचा, असा कित्येक वर्षांचा रिवाज. अलीकडे बाहेरच्या बाहेर जोडमार्ग झाल्यापासून पुष्कळ गाड्या गावात न येताच निघून जातात. आमच्या दाजींना हे अपमानास्पद वाटते.

आमची थोरली बहीण दौंडला दिली आहे. दाजी रेल्वेत गार्ड होते. निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षे झाली, पण त्यांच्या घरात अजून पावणेसहा वाजत नाहीत. पाच त्रेचाळीस वाजतात. आम्हां शिरूरकरांची प्रवासाची आखणी म्हणजे ‘निघू सकाळी’ एवढे दोनच शब्द. फाट्यावर जाऊन उभे राहावे, येईल त्या गाडीला हात करावा, जागा मिळाली तर बसावे. अशा दोन घरांनी मिळून एका सहलीची आखणी करायची म्हणजे काय होते, ते आम्ही यंदा नवरात्रात पाहिले.

राज्य कोणते, इथपासून सुरुवात. चिरंजीवांनी राजस्थान म्हटले, पुतणीने केरळ म्हटले. दाजींनी चष्मा पुसला आणि ते म्हणाले, “आपल्या रुळांवरचे राज्य बोला.” मग त्यांनीच सांगितले. दौंडहून सोलापूर, सोलापूरहून विजापूर, बागलकोट, बदामी, गदग आणि तिथून वळून होस्पेट, म्हणजेच हंपी. सगळे एकाच दोरीत ओवलेले. विजापूरचे नाव २०१४ पासून विजयपुर झाले आहे, होस्पेटचेही होसपेटे झाले आहे. पण दाजींच्या तोंडी जुनीच नावे आहेत आणि आमच्याही. राज्य ठरले : कर्नाटक.

हल्ली नकाशा प्रत्येकाच्या खिशात असतो. पण मोबाइलवरच्या नकाशात एक मोठी खोट आहे : तो एका वेळी एकालाच पाहता येतो. दाजींनी जुना कागदी नकाशा काढून सतरंजीवर पसरला, त्याच्या चार कोपऱ्यांवर चार डबे ठेवले आणि अकरा माणसे त्याच्याभोवती बसली, तेव्हा कुठे सहलीला सहलीची कळा आली. मग यादी वाढू लागली. कोणी जोगचा धबधबा घातला, कोणी गोकर्ण. वहिनींनी म्हैसूर घातले. त्यात राजवाडा किती आणि रेशमी साड्या किती, हे आम्ही विचारले नाही. बेलूर आणि हळेबीडची देवळे २०२३ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली, म्हणून ती आमच्याही यादीत आली. रात्रीचे जेवण होईपर्यंत नऊ दिवसांत सतरा ठिकाणे झाली होती. झोपायचे कधी, हा प्रश्न कोणीच काढला नाही.

पुतणी कॉलेजात इतिहास शिकते. तिने एक अडचणीचा प्रश्न काढला. “आपल्या शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीची घरे, धान्याची पेवे, चार पायांच्या मातीच्या रांजणात पुरलेला माणूस, एवढे सगळे सांकलिया आणि ढवळीकर यांनी घोड नदीच्या काठी शोधून काढले. त्याला आपण कधी गेलो नाही. आणि दीड हजार वर्षांपूर्वीचे पाहायला एवढ्या लांब?”

“इनामगावाला स्टेशन नाही,” दाजी म्हणाले. त्यावर अपील नव्हते.

माझ्यापुरते म्हणाल तर यादीत मला सर्वांत ओढ होती ती विजापूरच्या मुलूखमैदान तोफेची. आमच्या ताईचा आवाज चढला की घरात तिला मुलूखमैदान म्हणतात, म्हणून नव्हे. ती तोफ मुळात आमच्या शेजारची. १५४९ साली ती निजामशाहीच्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, ओतली गेली. तिथून ती परंड्याच्या किल्ल्यावर गेली आणि १६३२ च्या सुमारास विजापूरला. वजन सुमारे ५५ टन. अकरा माणसे आणि चौदा बोजे दौंडच्या फलाटापर्यंत न्यायचे म्हणजे आमचा जीव मेटाकुटीस येतो. त्या तोफेची वाट कोणी आखली असेल? बैल किती, वैरण किती, भीमेला उतार कुठे आणि पावसाच्या आत पोहोचायचे कसे, हा सगळा हिशेब कोणीतरी आपल्यासारखाच दिवे लावून बसून केला असणार. राजांची नावे बखरीत येतात. वैरणीचा हिशेब करणारा कुठेच येत नाही.

ऐहोळेला मेगुती नावाच्या देवळाच्या भिंतीवर रविकीर्ती नावाच्या कवीने ६३४ साली कोरवलेला लेख आहे. दुसऱ्या पुलकेशीची थोरवी गाताना त्यात तीन महाराष्ट्रके आणि त्यांतली नव्याण्णव हजार गावे यांचा उल्लेख येतो. हे वाचून दाखवताच आमच्या धाकट्या बंधूंची छाती फुगली. “म्हणजे आपलेच!” मला हे आवडत नाही. पाहुणा म्हणून जायचे आणि यजमानाच्या घरातली भांडी आपली म्हणून मोजायची, हा कसला प्रवास? पुलकेशीची राजधानी बदामी. त्याच्या नव्याण्णव हजार गावांत आमचे शिरूर असलेच, तर सारा भरायला आम्हीच तिकडे गेलो असणार.

इथवर सगळे हसतखेळत चालले होते. मग बंधूंनी आवाज खाली आणून मुद्दा काढला. आईचे काय?

आईला अठ्ठ्याहत्तरावे चालू आहे. गुडघे गेल्या चैत्रापासून कुरकुरतात. डोळ्यांत काचबिंदू आहे आणि थेंब दिवसातून तीनदा घालावे लागतात. तिला दौंडलाच ताईच्या थोरल्या सुनेपाशी ठेवावे, घर ओळखीचे आहे, दवाखाना जवळ आहे, नऊ दिवसांचाच प्रश्न, असे बंधूंचे म्हणणे. सौभाग्यवतींनी बाहेरच्या जेवणाची अडचण सांगितली. दाजींनी फलाटावरच्या जिन्यांची सांगितली. ज्यांनी ज्यांनी सांगितले त्यांनी मायेपोटीच सांगितले, आणि म्हणूनच कोणाला काही उत्तर देता येईना. वाईट हेतूने बोलणाऱ्याशी भांडता तरी येते.

आई भिंतीला टेकून वाती वळत होती. तिला कमी दिसते. ऐकू उत्तम येते.

“त्या यादीत विठोबाचं देऊळ आहे का रे?” तिने विचारले.

“हंपीला आहे,” मी म्हणालो. “पण आई, त्या देवळात विठोबा नाही. गाभारा रिकामा आहे.”

“ते मला नको सांगूस. भानुदासांनी परत आणला ना त्याला.”

तिने कमरेची पिशवी सोडली आणि त्यातून पन्नास रुपयांची एक निळी नोट काढून माझ्या हातात दिली. २०१७ साली आलेल्या या नोटेच्या पाठीवर हंपीच्या विठ्ठल मंदिरातला दगडी रथ छापला आहे. मी हजार वेळा ती नोट दुकानदाराला दिली असेल. आईने मात्र कोणाकडून तरी ते चित्र कशाचे आहे हे विचारून घेतले होते आणि एक कोरी नोट कितीतरी दिवस मोडली नव्हती.

“वीस वर्षं वारी केली,” ती म्हणाली. “तो तिकडं कुठं जाऊन राहिला होता, ते घर एकदा बघावं असं वाटतं. तिथनं निघताना त्यानं काय काय मागं ठेवलं असेल?”

कृष्णदेवरायाने पंढरीची मूर्ती विजयनगराला नेली आणि एकनाथांचे पणजे भानुदास यांनी ती परत आणली, ही कथा वारकऱ्यांच्या घराघरांत सांगतात. इतिहासाचे अभ्यासक तिच्याविषयी एकमत नाहीत. पुतणीने ते सांगायला तोंड उघडले होते, पण ताईने तिच्याकडे एकदा पाहिले, आणि मुलूखमैदान न उडवताच काम झाले.

“शस्त्रक्रिया करून घे गुडघ्यांची,” बंधू म्हणाले. “पुढच्या वर्षी नेतो. खास तुझ्यासाठी.”

“पुढच्या वर्षी गुडघे नवे होतील रे. डोळ्यांचं काय?”

नकाशावरचा एक डबा कोणीतरी उचलला आणि उगाच पुन्हा तिथेच ठेवला. दाजींनी यादीचा कागद उलटा केला, कोऱ्या बाजूवर रेघ मारली आणि म्हणाले, “पहिल्यापासून.”

आता प्रत्येक ठिकाणासमोर एकच प्रश्न : पायऱ्या किती? विजापूरचा गोलघुमट १६५६ साली वारलेल्या मुहम्मद आदिलशहाची कबर. एवढा थोरला घुमट, बाहेरून १४४ फूट व्यासाचा, पण मुख्य दालन तळमजल्यालाच. कुजबुज ऐकू येणारा सज्जा मात्र सात मजले वर. आई खाली बसणार, नातवंडांनी वर जाऊन ‘आजी’ अशी हाक मारायची, असे ठरले. ती हाक सात वेळा परत येते म्हणतात; कितवी तिला ऐकू जाते ते पाहायचे. बदामीची लेणी कड्यात, चढ आहे. तिसऱ्या लेण्यातला शके ५०० चा लेख पुतणीने वाचून यायचा, आईने अगस्त्य तलावाच्या काठी बसायचे. मेगुतीचे देऊळ टेकडीवर, ते गाळले. रविकीर्तीचा लेख बंधूंनी हवा तर घरी बसून वाचावा. पट्टदकलची देवळे मलप्रभेच्या काठी सपाटीवर आहेत. राणी लोकमहादेवीने बांधवलेले तिथले विरूपाक्ष मंदिर वेरूळच्या कैलासाला नमुना म्हणून उपयोगी पडले असे मानतात, आणि वेरूळ आईने पाहिलेले आहे. म्हणजे तिला तिथे ओळखीचे कोणीतरी भेटेल. हंपीला विठ्ठल मंदिरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यावर विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या असतात. ते कळल्यावर दाजींनी त्या ओळीखाली दोनदा रेघ ओढली.

बाकीचे सगळे कापले. जोग कापताना चिरंजीव रुसले. म्हैसूर गेले तेव्हा वहिनी काही बोलल्या नाहीत, पण तिकडेच बागलकोट जिल्ह्यात इलकल आहे आणि तिथल्या साड्या प्रसिद्ध आहेत, ही माहिती त्यांनी दुसऱ्याच दिवशी मिळवली. बेलूर-हळेबीडवर काट मारताना माझेही मन मागेपुढे झाले. सतराची पाच ठिकाणे झाली आणि नऊ दिवसांचे सात.

आईला या सगळ्यात एकच गोष्ट फार आवडली, ती नकाशातली नव्हे तर नदीची. आमच्या घरामागून वाहणारी घोड दौंडच्या अलीकडे भीमेला मिळते. भीमा दौंडवरून सिद्धटेकला जाते, उजनीच्या धरणात थांबते, पंढरपूरला चंद्रभागा होते आणि सोलापूर सोडून विजापूरकडे निघालेली आगगाडी तिलाच ओलांडून पुढे जाते. “म्हणजे ती आपल्या आधीच गेलेली असणार,” आई म्हणाली. गाडी पुलावर आली की तिला उठवायचे, मग रात्र असो की पहाट, असे काम पुतणीकडे दिले आहे.

येताना कुर्डुवाडीला उतरून पंढरपूर करावे, असे बंधूंनीच सुचवले. दाजी ते सहाव्या क्रमांकावर लिहू लागले, तर आईने त्यांना अडवले. “ते यादीत नका घालू. आपण तिथं बघायला जात नाही.” त्यामुळे पंढरपूर यादीत नाही; तिकिटे मात्र कुर्डुवाडीपर्यंतचीच काढायची आहेत.

दोन अडचणी राहिल्या. बंधूंच्या उसाला तोड कधी येईल हे कारखान्यालाही सांगता येत नाही. टोळी दारात आली तर ते घरी राहतील, आम्ही जाऊ, असे त्यांनी स्वतःच कबूल केले आहे. दुसरी अडचण नारळाची. ताई म्हणते, निघताना सिद्धटेकच्या सिद्धिविनायकाला ठेवावा. सिद्धटेक भीमेपलीकडचे, दुसऱ्या जिल्ह्यातले, पण दौंडकरांना ते आपलेच वाटते. आम्ही शिरूरकर रांजणगावच्या महागणपतीला सोडून निघणार कसे? दोन नारळ घ्यायचे ठरले आहे.

रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते. दाजींनी दिनदर्शिकेवर तो दिवस तांबड्या शाईने वर्तुळात घेतला आहे आणि आईसाठी खालची बर्थ, हे त्याच्या बाजूला लिहिले आहे. गाडीच्या आदल्या दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आम्ही सर्वांनी दौंडात हजर असावे, असा निरोप आताच आला आहे.

निघू सकाळी.