थांबलेली बस

त्या रात्री विज्ञानाचे शिक्षक रजेवर असल्याने आपल्या वसतिगृहाच्या अभ्यासिकेत आम्ही बसलो होतो. नववीतील एका मुलीने उदाहरण पुढे ठेवले : ताशी 72 किलोमीटर वेगाच्या बसला ब्रेक लावल्यावर तिचा वेग दर सेकंदास 4 मीटर प्रतिसेकंद कमी होतो, बस किती अंतरावर थांबेल?

आम्ही इतिहासाचे. शालेय वयात ‘हे तुमचे काम नव्हे’ असे एका गुरुजींनी ऐकवले आणि आम्ही विज्ञान सोडले. तरीही जुना दस्तऐवज वाचावा तसे उदाहरण वाचले : दिलेले काय, विचारलेले काय, न सांगता सांगितलेले काय?

“‘थांबेल’ म्हणजे अंतिम वेग शून्य ना, सर?” ती म्हणाली. तिथेच गाठ सुटली. 72 ला 3.6 ने भागून सुरुवातीचा वेग 20 मीटर प्रतिसेकंद. थांबायला 5 सेकंद. त्वरण एकसमान, म्हणून सरासरी वेग 10. अंतर 50 मीटर. तिने सूत्राने पडताळले, तेच आले.

कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पडताळा, ही कालामांना केलेली तथागतांची देशना आम्ही वर्षानुवर्षे परिपाठात सांगत आलो. गुरुजींचे ते वाक्य मात्र कधी पडताळलेच नव्हते. त्या रात्री, पन्नाशी उलटल्यावर, पडताळले. चुकीचे निघाले.